सीटखालचा नारळ

त्या पांढऱ्या मोटारीचा नंबर आता मला आठवत नाही, पण तिची ड्रायव्हरची सीट रुळावरून मागे सरकताना 'कट्' असा जो आवाज यायचा, तो अजून कानात आहे. पोलीस खात्यात मी सव्वीस वर्षं काढली आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. उकललेल्या गुन्ह्यांच्या गोष्टी लोक आवडीनं ऐकतात. त्या मी अनेक ठिकाणी सांगितल्याही. ही कुठं सांगितली नव्हती, कारण हिच्यात चूक माझी आहे आणि ती मी दोनदा केली. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना पुन्हा लोकांच्या तोंडी द्यायचा मला अधिकार नाही.

तेव्हा मी महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास फोन आला की जळकोटच्या अलीकडे मोरीजवळ अपघात झालाय. आम्ही वीस मिनिटांत पोचलो. मोपेडवरून दुधाचे कॅन नेणारा पन्नाशीचा एक माणूस रस्त्याकडेला पडला होता. रुग्णवाहिकेत घालेपर्यंत त्याचा जीव गेला. त्याला उडवून ती मोटार मोरीच्या कठड्यावर आदळली होती आणि समोरच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या होत्या.

गाडीत बाप आणि मुलगा असे दोघंच होते. बाप तुळजापूरचे निवृत्त शिक्षक, उंची पाच फूट दोन इंच. मुलगा सहा फुटाला दोन बोटं कमी. मुलानं त्या दूधवाल्याचं डोकं शेवटपर्यंत मांडीवर धरलं होतं, त्याचा शर्ट रक्तानं भिजला होता. गुरुजी शेजारी उभे होते. त्यांची हनुवटी सोलली होती आणि एक हात छातीवर होता.

"गाडी कोण चालवत होतं?" मी विचारलं.

"मी," गुरुजी म्हणाले. "चूक माझी आहे साहेब. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही. आधी रस्ता मोकळा करायचा होता, दोन्हीकडे ट्रक अडकले होते. मी एका शिपायाला गाडीत बसून स्टेअरिंग धरायला सांगितलं आणि ट्रॅक्टरनं गाडी ओढून ठाण्यात आणली. तो शिपाई उंच होता. गुडघे अडकायला लागले म्हणून त्यानं आत बसताच सीट मागे ढकलली. कट्. सीट अपघाताच्या वेळी कुठं होती, हे डोळ्यांनी बघायची संधी तिथंच गेली.

दुसरी गोष्ट पंचनाम्याच्या वेळची. ठाण्याचं लिखाण सांभाळणारे आमचे हवालदार गाडी तपासत होते. ते सीटखालून हात बाहेर काढत म्हणाले, "साहेब, नारळ हाय. खणात बांधलेला. देवीचा दिसतोय. कुठं लिहू?"

आमच्या भागात गाडी घेतली की आधी तुळजापूरला नेतात. पूजा होते, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि पुष्कळ घरांत एक नारळ खणात बांधून गाडीतच ठेवतात. तो फोडायचा नसतो, हलवायचाही नसतो. असल्या वस्तू मुद्देमालात लिहायच्या नाहीत, अशी आमच्याकडची न लिहिलेली रीत होती. लिहिलं की ती वस्तू मालखान्यात जाते आणि कोयत्या-काठ्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं पडून राहते. लोकांना ते लागतं.

"देवाची वस्तू पंचनाम्यात कशाला? घरच्यांना देऊन टाका," मी म्हणालो.

हवालदारांनी नारळ दिला आणि हात पँटला पुसला. ते पुसणं मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात फोन आला. अपघाताच्या जागेपासून दहा मिनिटांवर एक चहाचं हॉटेल आहे, तिथला मालक बोलत होता.

"साहेब, माझं नाव मधी घेऊ नका. ती गाडी माझ्याकडं थांबली व्हती. गाडी पोरगं चालवत आलं. त्ये उंच पोरगं. बाप शेजारी बसलेला."

"आणि निघताना?"

"निघताना भज्याचा घाणा चालू व्हता साहेब. न्हाय बघितलं."

पहिलं वाक्य मी डायरीत लिहिलं. दुसरं लिहिलं नाही.

त्याच दिवशी कळलं की मुलाची पोलीस भरतीत निवड झालीय. चारित्र्य पडताळणी बाकी होती. वयोमर्यादेमुळं त्याची ही शेवटची संधी होती. मला सगळं लख्ख दिसल्यासारखं झालं. मुलाच्या हातून माणूस मेला, नोकरी जाणार, म्हणून बापानं गुन्हा अंगावर घेतला. बाप असं करतात. मी स्वतः तीन-चार प्रकरणांत पाहिलं होतं. माणसं ओळखण्याचा मला अभिमान होता आणि त्या अभिमानानंच पुढचं सगळं घडवलं.

मी गुरुजींना बोलावलं. ते म्हणाले, "हॉटेलपर्यंत त्यानंच चालवली. तिथं त्याला मित्राचा फोन आला, अंतिम यादीत नाव आहे म्हणून. त्याचे हात थरथरायला लागले. मी म्हणलं, तू बोल निवांत, किल्ली दे इकडं. सीट पुढं घेतली आणि निघालो. मी खुशीत होतो साहेब. मोपेड कच्च्या रस्त्यावरनं वर आली, ती मला उशिरा दिसली."

"गुरुजी, तुम्ही आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलं ना?"

"व्हय. म्हणून तर सांगतोय."

"खोटी माहिती देणं हासुद्धा गुन्हा आहे, हे माहीत आहे?"

ते माझ्याकडं बघत राहिले. वर्गात एखादं हुशार पोर चुकीचं उत्तर ठामपणे देतं, तेव्हा शिक्षक बघतो तसं. जाता जाता ते दारात थांबले. "साहेब, एक राहिलं. त्या गाडीत समोर एअरबॅगचा लाल दिवा मधूनमधून लागायचा. पावसाळ्यानंतर सुरू झालं. कामाचं असलं तर बघा."

मला ते विषय बदलणं वाटलं.

फोनचा तपशील मागवला. अपघाताच्या क्षणी मुलाच्या मोबाइलवरून बोलणं चालू होतं. म्हणजे गुरुजी म्हणाले तसंच. पण तोवर माझं ठरलं होतं, त्यामुळं मी त्याचा अर्थ असा लावला, की पोरगं फोनवर बोलत गाडी चालवत होतं. जी गोष्ट त्याला सोडवणारी होती, तीच मी त्याच्या गळ्यात बांधली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं की गुरुजींच्या छातीवरचा मार मुलाच्या मारापेक्षा बराच जास्त आहे. मी म्हणालो, वय झालंय त्यांचं, जास्त लागणारच. दोघांनीही पट्टे लावले नव्हते. घंटी वाजू नये म्हणून पट्टा पाठीमागूनच अडकवून ठेवायची आपल्याकडची सवय. त्यामुळं पट्ट्याचा वळ कुठल्या खांद्यावर, हा साधा पुरावाही नव्हता.

मग कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्यानं समजावलं की एअरबॅग चालवणारा एक डबा गाडीत असतो आणि धडकेच्या क्षणाची माहिती तो जपून ठेवतो. ड्रायव्हरच्या सीटच्या रुळाला एक सेन्सर असतो. सीट पुढे आहे की मागे, एवढंच तो त्या डब्याला कळवतो. सीट पुढे म्हणजे माणूस स्टेअरिंगला चिकटून बसलाय, तेव्हा बॅग हळू उघडायची. मागे असेल तर पूर्ण जोरानं. त्यानं लॅपटॉप जोडला आणि मला कागद काढून दिला. धडकेच्या क्षणी सीट मागे होती.

पाच फूट दोन इंचांचा माणूस सीट मागे ठेवून चालवूच शकत नाही. पाय पोचायचे नाहीत. माझ्या हातात तो कागद आला आणि मी मुलाला बोलावलं.

मी त्याला हात लावला नाही. हे मी पुष्कळ दिवस स्वतःला समाधान म्हणून सांगत असे. मी त्याला तीन तास बसवून ठेवलं आणि कागद समोर ठेवला.

"मशीन खोटं बोलत नाही. बोल."

"साहेब, देवीशप्पथ पप्पा चालवत होते."

"बापाच्या मागं लपतोस? आणि पोलीस होणार? उद्या अंगावर वर्दी घालून कुणाच्या मागं लपशील?"

मी शेवटचा घाव घातला. "ठीक आहे. बापावर दोन गुन्हे लावतो. एक अपघाताचा, एक खोट्या माहितीचा. छातीला मार लागलेला म्हातारा माणूस आहे. कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून किती दिवस टिकतो बघू."

त्यानं मान खाली घातली.

"मी चालवत होतो," तो म्हणाला. "पप्पांना घरी पाठवा."

त्याच खोलीतून एक खरी कबुली मी परत पाठवली होती. तिथंच मी खोटी कबुली घेतली आणि तपास लागला असं डायरीत लिहिलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण माझ्यासाठी ती पुरेशी होती. गुन्हा जामीनपात्र होता, त्याला संध्याकाळी सोडलं. पुढं त्यानं ते म्हणणं नाकारलं, तेव्हा मला वाटलं वकिलानं शिकवलं असेल.

मृताची पत्नी ठाण्यात आली होती. भिंतीला टेकून खालीच बसली, खुर्ची नको म्हणाली. "भरपाईचं मागून बगू. कोण व्हतं त्ये सांगा. नाव ऐकायचं हाय मला." मी तिला मुलाचं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा तोंडात घोळवलं आणि उठून गेली.

दोषारोपपत्र गेलं. काही महिन्यांनी कोर्टानं गाडी सुपुर्दनाम्यावर गुरुजींना परत दिली. त्यानंतर एका गुरुवारी ते ठाण्यात आले.

"साहेब, धाराशिवला मिस्त्रीकडं गाडी लावलीय. एकदा या. तुम्ही काही बोलू नका, फक्त बघा." मग थांबून म्हणाले, "सोमवारी पोराची भरती समितीपुढं सुनावणी हाय. गुन्ह्याची माहिती घेऊन नाव ठेवायचं का काढायचं, ते ठरवणार आहेत."

त्याच दुपारी मी गेलो; का, ते सांगता येत नाही. बहुधा त्यांना एकदाचं गप्प करावं म्हणून. हवालदारांना सोबत घेतलं.

मिस्त्री साठीचा, गाड्यांच्या वायरिंगमध्ये जन्म गेलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. त्यानं आमचं स्वागत केलं ते असं: "या साहेब. आज आरोपी माझ्या ताब्यात हाय. मारहाण न करता बोलतं करतो."

हवालदार हसले. मी हसलो नाही.

चाचानं सांगितलं की नव्या एअरबॅग बसवूनही लाल दिवा जाईना, म्हणून त्यानं मशीन लावलं. आता त्यानं ते पुन्हा लावून स्क्रीन माझ्याकडं वळवली. "सीट मागं हाय. मशीन काय म्हणतंय? मागं. बरोबर. आता बघा." त्यानं दांडी उचलून सीट पुढे ओढली, अगदी शेवटपर्यंत. कट्, कट्, कट्. स्टेअरिंग आणि सीट यांच्यात वीतभर जागा उरली.

स्क्रीनवरचं अक्षर हललं नाही. सीट मागे.

"पुन्हा करा," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा केलं. मी त्याला बाजूला करून स्वतः दांडी धरली. सीट पुढे आली, मागे गेली, पुढे आली. मशीन तेच सांगत होतं.

"सेन्सर खराब?"

"मला बी तसंच वाटलं. पण सेन्सर चांगला हाय." त्यानं मीटर घेतला, सीटखाली आडवा झाला आणि झोपल्या झोपल्या बोलू लागला. "ह्या सेन्सरला बोलता येत न्हाय साहेब. ह्यो फक्त करंट वढतो. थोडा वढला तर सीट पुढं, जास्त वढला तर मागं. आता सीट पुढं हाय, सेन्सर थोडाच वढतोय. पण वाटेत ह्या कनेक्टरमधी गळती हाय. दोन पिनांच्या मधनं चोरून करंट जातोय. थोडा अधिक चोरीचा, मिळून झाला जास्त. डब्याला वाटतंय, सीट मागं. गळती कमी-जास्त झाली की हिशेब बसत न्हाय, मग दिवा लागतो." तो कुशीवर वळला. "लोक म्हणतात मशीन खोटं बोलत न्हाय. मशीनला खोटं सांगितलं तर ते बिचारं इमानदारीनं तेच सांगतंय."

त्यानं कनेक्टरचं टोपण अर्धवट उचलून बॅटरीचा उजेड टाकला. पिनांवर हिरवा, चिकट थर चढला होता.

"हितं काय सांडलं व्हतं गुरुजी? साधं पाणी न्हाय हे. चिकट हाय, ओल सोडत न्हाय."

गुरुजींना आठवेना. गाडीत कुणी कधी काही सांडलं नव्हतं.

माझ्या मागून हवालदारांचा आवाज आला, अगदी हळू. "साहेब. तो नारळ. खण ओला लागला व्हता हाताला."

मग गुरुजी म्हणाले, "ठेवताना तडकला असंल. पोराच्या आईनं सांगितलं होतं, हलवू नका. आम्ही एकदाही काढून बघितला न्हाय." त्यांनी नकळत छातीवर हात ठेवला.

चाचानं तो हात बघितला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, डब्याला वाटलं माणूस लांब बसलाय. बॅग पुऱ्या जोरानं फुटली. आणि हे तर स्टेअरिंगला चिकटून बसलेले. छाती फुटली न्हाय हेच नशीब."

गुरुजींच्या छातीवरचा निळा डाग मी महिन्यांपूर्वी कागदावर वाचला होता.

चाचाच्या हातात ब्रश होता. "साफ करू?" त्यानं विचारलं. दोन मिनिटांचं काम होतं. थर गेला असता, सेन्सर नीट बोलला असता आणि माझा कागद कायमचा खरा ठरला असता. मी लगेच 'नको' म्हणालो नाही. किती वेळ गप्प होतो ते मला माहीत नाही, पण गुरुजींच्या लक्षात येण्याइतका होतो.

"हात लावू नका," शेवटी म्हणालो. "गाडी अशीच ठेवा."

इथंच ही हकीकत संपली असती तर मी ती केव्हाच अभिमानानं सांगितली असती. पण ठाण्यात परतल्यावर मी कोर्टाला आणि वरिष्ठांना अहवाल लिहायला बसलो आणि लिहिला नाही. शुक्रवारी बंदोबस्त होता. शनिवारी स्वतःला सांगितलं, आधी तज्ज्ञाचं मत घेऊ, घाई बरी नव्हे. रविवारी कोरा कागद पुढे घेऊन तासभर बसलो. नारळ पंचनाम्यात का नाही, सीट कुणी सरकवली, गुरुजींचा जबाब का घेतला नाही, ही सगळी उत्तरं मलाच द्यावी लागणार होती. नुसतं एक पत्र, 'पुढील तपास चालू आहे, निर्णय स्थगित ठेवावा' एवढ्या दोन ओळी सोमवारी सकाळी समितीकडं पोचल्या असत्या तर पुरे होतं. मला सोमवार माहीत होता. मी विसरलो असं म्हणण्याचीही सोय नाही.

अहवाल मी पुढच्या शुक्रवारी पाठवला. समितीनं नाव काढलं होतं.

त्यानंतर मी सगळं रीतसर केलं. कोर्टाच्या परवानगीनं पुढील तपास झाला. पंचांसमोर आणि कंपनीच्या अभियंत्यासमोर कनेक्टर उघडला. तो साफ करताच सेन्सर बरोबर सांगू लागला. पंचनाम्याच्या दिवशी काढून जप्त केलेली ड्रायव्हरची एअरबॅग मालखान्यात लाखेच्या सीलमध्ये तशीच, न तपासलेली होती. प्रयोगशाळेत पाठवली, तिच्यावरचं रक्त गुरुजींचं निघालं. मुलाचं नाव गुन्ह्यातून वगळलं गेलं. माझी खात्यांतर्गत चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली. मुलानं भरतीसाठी अर्ज केले, पण वय निघून गेलं होतं. आता तो तुळजापुरात पोरांना भरतीसाठी पळायला शिकवतो, असं ऐकतो. मी एकदा त्या मैदानाच्या कुंपणापर्यंत गेलो होतो. आत गेलो नाही.

मृताच्या पत्नीकडं मात्र मी स्वतः गेलो. तिनं नाव मागितलं होतं आणि मी चुकीचं दिलं होतं. मी सगळं सांगितलं. ती शेणी थापत होती, हात तसेच राहिले.

"मग इतकं दिस म्या कुणाच्या लेकराला तळतळाट दिला, साहेब?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. ती पुन्हा म्हणाली, "सांगा की. तुमीच नाव दिलं व्हतं."

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत माझ्या ठाण्यातल्या कुठल्याही पंचनाम्यात लिंबू-मिरचीसुद्धा सुटली नाही. देवाची वस्तू असेल तर आधी लिहायची, फोटो घ्यायचा आणि मगच सन्मानानं परत द्यायची, असं मी नव्या अंमलदारांना शिकवलं. पण खरं शिकायचं होतं ते वेगळंच. माणसं ओळखता येतात असं वाटायला लागलं, की पोलीस ऐकायचं थांबवतो. बाप मुलासाठी खोटं बोलतो हे मला ठाऊक होतं, म्हणून समोर खरं बोलणारा बाप मला दिसलाच नाही. आणि चूक कळल्यावर तिच्यावर काढलेले आठ दिवस मूळ चुकीपेक्षा महाग पडले. पहिली चूक अंगी असलेल्या गर्वातून झाली. दुसरी मी उघड्या डोळ्यांनी केली.

खटला उभा राहिला त्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. गुरुजी आरोपीच्या जागी उभे होते. तिथल्या कठड्यापुढं ते आणखीच बुटके दिसत होते. मुलगा दाराशी उभा होता, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

न्यायाधीशांनी दोषारोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे साहेब," गुरुजी म्हणाले. "मोरीजवळच सांगितलं होतं. आज तरी लिहून घ्या."